पुण्याजवळचं मांजरी सोडून सोलापूरला परत येताना

आम्ही २०२५ मध्ये पुण्यातलं बिऱ्हाड हलवून सोलापूरला आलो. तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले आणि त्यांच्याही ओळखीतले फोन करून विचारत असतात. पगाराचं काय केलं, नवऱ्याला काय मिळालं, पोरीची शाळा कशी जमवली. दर वेळी पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते. आकडे आमच्या घरचे आहेत, तुमचा हिशोब वेगळा निघेल.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी पुण्यातल्या एका कंपनीत पेरोल बघते, म्हणजे लोकांचे पगार काढते. तिथं नऊ वर्षं झाली. नवरा रांजणगावातल्या कंपनीत सीएनसी सेटर होता, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर काम लावून देणारा. मुलगी दुसरीत. सोलापूरचा माणूस पुण्यात आला की हडपसर, मांजरी, फुरसुंगी याच पट्ट्यात घर बघतो. गाडीतळावरून सोलापूरची एसटी मिळते आणि बिल्डिंगमध्ये निम्म्या गाड्या एमएच १३ असतात. आम्हीही तेच केलं. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत आमचं आधार, रेशनकार्ड, मतदान सगळं सोलापूरच्याच पत्त्यावर होतं. पुण्यात घरभाडं दिलं, प्रोफेशनल टॅक्स कापून घेतला, पण कागदावर आम्ही पुण्यात राहायला कधी गेलोच नव्हतो. त्यामुळे परत येताना ते काम वाचलं. तुम्ही मतदान पुण्यात नेलं असेल तर पत्ता बदलायला फॉर्म ८ लागतो. तो ऑनलाइन भरता येतो, नव्यानं नाव घालायचा फॉर्म ६ भरू नका.

सासरे २०२४ मध्ये गेले. सासूबाई अशोक चौकाजवळच्या घरात एकट्या, त्यात गुडघे धरलेले. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आलो तेव्हा विषय निघाला. त्या स्वतःहून काही म्हणाल्या नाहीत. उलट, "कशाला येऊलालाव परत? हितं काय हाय?" हेच म्हणाल्या. आमचा मांजरीचा भाडेकरार ३१ मेला संपत होता आणि मालकांनी वाढीचं बोलून ठेवलं होतं. म्हणून ठरवलं की काय करायचं ते मेपर्यंत.

पहिला प्रश्न माझ्या नोकरीचा होता. माझं काम लॅपटॉपवर चालतं. महिन्याच्या २० तारखेपासून पगार होईपर्यंत डोकं वर काढायला वेळ नसतो, एरवी तसं निवांत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅडमना विचारलं. त्या हो म्हणाल्या आणि एचआरकडे पाठवलं. एचआरनं एक तक्ता पुढं ठेवला. शहरांचे गट पाडलेले आणि गटागणिक पगार कमी. सोलापूर शेवटच्या गटात. माझा महिन्याचा पगार ५८,००० होता, त्यात १५ टक्के कपात सांगितली.

मी पगारपत्रकं बनवणारी बाई आहे, हा तक्ता मला नवा नव्हता. दुसऱ्यांच्या नावापुढं तो मीच लावत आले होते. तरी विचारलं, काम तेच, माणसं तीच, तारखा त्याच, मग कपात कशाची? सोलापुरात राहणं स्वस्त आहे म्हणून? एचआर म्हणाली, राहणीखर्चाशी आमचा संबंध नाही. त्या गावात या कामाला बाजारभाव काय चाललाय ते आम्ही बघतो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आपण बोलणी करायला भाड्याचे आणि भाजीचे आकडे घेऊन जातो आणि समोरचा दुसराच हिशोब मांडून बसलेला असतो. सोलापुरात माझ्यासारखं काम देणाऱ्या कंपन्याच बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून भाव कमी. म्हणजे गावात नोकऱ्या नाहीत याचा दंड मी भरायचा.

आता आमच्या जिल्ह्याचं त्रांगडं बघा. महसुली नकाशात आम्ही पुणे विभागात. १९९४ मध्ये राज्यात विकास मंडळं झाली, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. त्यात सोलापूर गेलं उर्वरित महाराष्ट्रात, मुंबई आणि पुण्याच्या पंगतीला. सरासरी काढली की आमचं उणं त्यांच्या अधिकात झाकलं जातं. अनुशेषाची चर्चा विदर्भ-मराठवाड्याची होते, आणि ती व्हायलाच हवी. पण सोलापूर सगळ्यांच्या लेखी पश्चिम महाराष्ट्र, म्हणजे ऊस आणि पैसा. कंपनीच्या तक्त्यात मात्र आम्ही बरोब्बर तळाला सापडतो.

बोलणी महिनाभर चालली. शेवटी कपात १० टक्क्यांवर आली, म्हणजे महिन्याचा एकूण पगार ५२,२००. पण यापेक्षा महत्त्वाचं मी जे मागून घेतलं ते सांगते. कपात मूळ वेतनातून करायची नाही, स्पेशल अलाउन्समधून करायची. कारण नोकरी सोडताना कंपनी देते ती ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ वेतनावर निघते, भागिले २६, गुणिले १५, गुणिले झालेली वर्षं. माझं मूळ वेतन २४,०००. ते १० टक्क्यांनी खाली आलं असतं तर पुण्यात बसून आधीच केलेल्या नऊ वर्षांच्या ग्रॅच्युइटीतून साडेबारा हजारांच्या आसपास गेले असते, शिवाय दर महिन्याचा पीएफ कमी. एचआरला याचं काही सोयरसुतक नव्हतं, त्यांना एकूण आकडा खाली आलेला हवा होता. मागितलं आणि मिळालं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्यामुळे आता बोलणी करणार असाल तर आपली फोड त्या नियमात कशी बसते ते आधी विचारा.)

करसवलतीची काळजी करत होते, कारण सासरच्या घरात राहिल्यावर घरभाड्याची पावती कुठून आणणार? १ फेब्रुवारीच्या बजेटनं ती मिटवली. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि त्या पद्धतीत घरभाड्याची सूट तशीही नसते. आमच्यासारख्यांना एक कागद कमी.

२८ मार्चला पत्र आलं. त्यात दोन वाक्यं मी आग्रहानं घालून घेतली. ऑफिसला कायमचं बोलवायचं झालं तर दोन महिने आधी कळवायचं, आणि तसं बोलावलं तर पगार पुण्याच्या गटात परत न्यायचा. तोंडी आश्वासनावर बिऱ्हाड हलवू नका. मॅडम बदलतात, एचआर तर त्याहून लवकर बदलते.

नवऱ्याचं प्रकरण अवघड होतं. मशिन लॅपटॉपवर येत नाही. त्याला ३४,००० मिळत होते. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं रांजणगाव ते चाकण अशी कंपन्या बदलत चाळीस हजारांच्या घरात पोचली होती. एप्रिलमध्ये तो सुट्ट्या काढून चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत हिंडला. बायोडाटा ईमेलवर पाठवून काही होत नाही, जाऊन उभं राहावं लागतं. वॉचमनकडं नाव लिहायचं, शेठ आहेत का विचारायचं. सोलापुरात चादरी, टॉवेल, गारमेंटची कारखानदारी जास्त, मशिन शॉप कमी. जी आहेत ती बहुतेक मालकाच्याच देखरेखीखाली चालतात.

एका ठिकाणचं बोलणं त्यानं घरी येऊन जसंच्या तसं करून दाखवलं. मालकांनी काम विचारलं, एक जॉब लावून बघितला, खूश झाले. मग म्हणाले, "घर स्वतःचं आहे ना तुमचं?"

"हो."

"मग काय? पोरगी किती, एकच? वीस देतो. सोलापुरात आणि काय लागतं?"

पुण्यात पगार ठरवताना नवऱ्याला असं कोणी विचारलं नव्हतं. तिथं विचारतात, मशिनच्या कुठल्या कंट्रोलवर काम केलंय, माप किती मायक्रॉनपर्यंत धरता, आत्ता किती घेता. इथं विचारतात, भागतं कितीत. जवळपास सगळीकडं याच पट्टीतला आकडा आला. एकानं तर मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली. तिथं जायचंच नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. तुम्हीही मूळ कागद कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवून परत घ्या.

सरकारी नियमांतही गावागावांत फरक केलेला असतो, पण तो फार नाही. किमान वेतनाच्या अधिसूचनेत परिमंडळं, म्हणजे गावांचे गट असतात, त्यांच्यातला फरक शेकड्यांत मोजायचा. केंद्र सरकारी नोकराला घरभाडे भत्ता पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के, सोलापुरात २० टक्के. पुणे एक्स वर्गात, सोलापूर वाय वर्गात. म्हणजे रेल्वेतला माणूस पुण्याहून सोलापूर डिव्हिजनला बदलून आला तर त्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता जसाच्या तसा, घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या १० टक्क्यांनी कमी होतो आणि घरभाडं निम्म्यावर येतं. तो फायद्यातच राहतो. खाजगीतल्या माझ्या नवऱ्याचा पगार मात्र ३४ वरून वीसवर. सोलापुरातली पोरं वयाच्या तिशीपर्यंत अभ्यासिकेत का बसलेली असतात, हे मला यातून जितकं कळलं तितकं कुठल्या भाषणातून कळलं नव्हतं. आणि लग्नाच्या बाजारात तर मुलगा एक तर सरकारीत पाहिजे, नाही तर पुण्यात पाहिजे. सोलापुरात खाजगीत म्हटलं की मुलीकडचे चहा संपवून उठतात.

मे महिना सामानाचा. मालकांना एक महिन्याची नोटीस व्हॉट्सॲपवर आणि शिवाय कागदावर सही घेऊन दिली. करार रजिस्टर केलेला होता, त्यात अनामत ६०,००० लिहिलेली. रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात तसं कापलं, १८,५०० गेले. पुण्यात हा रिवाजच होऊन बसलाय, पण करारात लिहिलेलं नसेल तर वाद घालायला जागा असते. आमच्या करारात लिहिलेलं होतं.

टेम्पोसाठी एक युक्ती. मोठ्या मूव्हर्सनी २१,००० सांगितले. सोलापूरहून पुण्याला माल घेऊन येणाऱ्या गाड्या परतताना रिकाम्या असतात. मार्केट यार्डात कांदा उतरवून निघालेला आयशर ९,०००मध्ये मिळाला, हमालांचे वेगळे दीड हजार. गाडीत कांद्याची टरफलं होती, झाडून घेतली आणि खाली जुन्या चादरी अंथरल्या. ड्रायव्हर तुळजापूरकडचा. म्हणाला, सोलापुराहून पुण्याला भरलेली घरं नेतो, उलटं भाडं पहिल्यांदाच मारतोय.

गॅसचं थोडक्यात. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचा, ट्रान्सफर व्हाउचर आणि जुनी अनामत घ्यायची. नवी एजन्सी आजच्या दरानं अनामत घेते. कनेक्शन जुनं असेल तर हातात पडतात थोडे आणि भरावे लागतात जास्त.

शाळा. १ मेला निकाल लागला, त्याच दिवशी दाखल्याचा अर्ज देऊन ठेवा, कारण नंतर सुट्टीत ऑफिस सकाळी दोन-तीन तासच उघडं असतं. सोलापूरच्या शाळेनं ऑनलाइन मागणी टाकली की पुण्याच्या शाळेनं ती मंजूर करायची असते, तेव्हा मुलाचं नाव एका पोर्टलवरून दुसऱ्या शाळेत जातं. आमच्या पोरीच्या आधारवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगनं आणि शाळेत दुसऱ्या, त्यात दोन आठवडे गेले. पण प्रवेश अडला नाही. आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं लिहिलंय. हे वाक्य मी तोंडपाठ करून गेले होते, पण बाई चांगल्या होत्या, वापरावं लागलं नाही. १६ जूनला शाळा सुरू झाली. पुण्यात वर्षाची फी २८,००० होती आणि व्हॅन वेगळी. इथं अनुदानित सेमी-इंग्रजी, चालत दहा मिनिटांवर.

जून आणि जुलै नवरा पुण्यातच राहिला, हडपसरला मित्रांच्या खोलीवर. शनिवारी रात्री यायचा, रविवारी रात्री जायचा. हे दोन महिने आम्ही मुद्दाम ठेवले होते. माझं इथलं काम नीट चालतंय का ते बघून मगच त्यानं राजीनामा द्यायचा. शक्य असेल तर दोघांनी एकदम उडी मारू नका.

घरून काम म्हणजे काय याची परीक्षा मेच्या शेवटीच झाली. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीसच्या पुढं. कूलर लावला की मीटिंगमध्ये समोरच्याला वारं ऐकू येतं, बंद केला की लॅपटॉप आणि मी दोघं तापतो. इन्व्हर्टर बॅटरीसकट २२,००० ला पडला. इंटरनेटच्या दोन लाइनी घेतल्या, एक केबलची आणि एक मोबाइलची, कारण पगाराच्या दिवशी नेट गेलं हे कारण कोणी ऐकून घेत नाही. आणि पाणी. उजनी भरलेली असो की रिकामी, आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते कधी रात्री दोनला, तर कधी नेमकं माझ्या मीटिंगच्या वेळी. पुण्याहून येऊन भाड्यानं घर बघणार असाल तर खोल्या नंतर मोजा, आधी हौद किती लिटरचा आणि मोटर कुठं ते विचारा. माझ्या टीमला आता माहीत आहे की मी "पाच मिनिटांत येते" म्हणाले की नळ आलाय.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले होते. १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' म्हणतात ती कापडगिरणी निघाली, मग आणखी गिरण्या निघाल्या, तेव्हा तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसं मजुरीसाठी या गावात येत होती. आमचे आजेसासरेही तसेच आलेले, गिरणी बंद पडली तेव्हा हातमागावर गेले. पुढं त्यांचा नातू मशिन चालवायला रांजणगावात गेला आणि अक्कांचा मुलगा भिवंडीत.

अक्का विड्या वळतात. रात्री पानं ओली करून गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं एकसारखे तुकडे काढायचे. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमूट भरायची, पान वळायचं, तोंड नखानं आत दुमडायचं आणि दोऱ्याचे वेढे. मी काही विचारलं तर मान वर करून उत्तर देतात, हात थांबत नाहीत. कारखान्यात जमा करताना तपासणारा खराब म्हणून काही बाजूला काढतो, त्याचे पैसे नाहीत. मजुरी हजारावर. मी त्यांना विचारलं, मुलाकडं भिवंडीला का जात नाही? म्हणाल्या, "तिकडं खोलीचं भाडं कोण भरणार? आणि माझं कार्ड इथलं, फंड इथला." त्यांच्या बहिणीला कुंभारीच्या रे नगरात घर मिळालंय. कामगारांसाठी ३०,००० घरांची ती वसाहत. पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. घर पक्कं आहे, स्वतःचं आहे, बहीण खूश आहे. पण गावाबाहेर असल्यामुळे कामाला शहरात यायचं तर रिक्षाचे पैसे मजुरीतून जातात, हेही अक्काच सांगतात.

हे सगळं बघितल्यावर "सोलापूर स्वस्त आहे" हे वाक्य माझ्या तोंडातून सहज निघेनासं झालं. स्वस्त काय काय आहे ते मी एकदा लिहून काढलं. घरभाडं, रिक्षा, शिवणकाम, घरकामाच्या मावशी, कडक भाकरी. पेट्रोल, सिलिंडर, तूरडाळ, औषधं, मोबाइलचं रिचार्ज, पोरीच्या वह्या, यात पुण्याला आणि सोलापूरला काय फरक? म्हणजे इथं स्वस्त आहे ती जागा आणि दुसऱ्याची मेहनत. मांजरीत धुणं-भांड्याला ३,००० देत होते, इथं १,२०० सांगितले. मी १,८०० देते. त्यावरून गल्लीत बोलणीही खाल्ली, "तुम्ही पुणेवाल्या रेट बिघडवता."

आमचा हिशोब सांगते. नवऱ्यानं ३१ जुलैला रांजणगाव सोडलं आणि ऑगस्टपासून चिंचोळीत २०,५०० वर लागला. दोघांचे मिळून आधी ९२,००० येत होते, आता ७२,७००. म्हणजे १९,३०० कमी. मांजरीचं भाडं १८,५००, मेंटेनन्स २,२०० आणि पाळणाघराचे ६,५०० असे २७,२०० वाचले. महिन्याला आठेक हजार जास्त उरतात, वर सासूबाईंजवळ कोणीतरी आहे आणि पोरगी घरचं खाते. ऐकायला झकास वाटतं. पण हे उभं आहे माझ्या पुण्याच्या पगारावर आणि सासऱ्यांनी बांधलेल्या घरावर. माझी नोकरी उद्या गेली तर? म्हणून एप्रिलमध्येच मी इथं दोन-तीन कर सल्लागारांकडं चौकशी केली होती. माझ्या अनुभवाला १५,००० सांगितले. म्हणजे दोघांचे ३५,५००. सोलापूर स्वस्त आहे ते बाहेरून पगार आणणाऱ्याला. इथंच कमावून इथंच खर्चणाऱ्याला ते पुण्यापेक्षा महाग पडतं.

पुण्यात आमच्याकडं आणखी एक गोष्ट होती जी कुठल्याच तक्त्यात येत नाही. साहेबाशी बिनसलं तर नवरा बस बदलायचा, दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उतरायचा. ते धाडस पगारापेक्षा मोठं होतं असं तो आता म्हणतो. चिंचोळीत मालकाला माहीत आहे की हा कुठं जाणार, आणि नवऱ्यालाही माहीत आहे की मालकाला माहीत आहे.

पीएफचं राहिलं. पैसे काढून घेऊ नका, नव्या खात्यात वळवा, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवा. पाच वर्षांची सलग नोकरी झालेली नसताना काढले तर कर लागतो आणि पेन्शनची वर्षं तुटतात. अडतं ते नोकरी सोडल्याच्या तारखेवर. जुन्या कंपनीनं ती भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी आपली आपण पोर्टलवर भरता येते. आधारला जोडलेला मोबाइल चालू पाहिजे, ओटीपी त्यावर येतो. नवऱ्याची तारीख ऑक्टोबरात आम्हीच भरली, पैसे नोव्हेंबरात नव्या खात्यात दिसले.

आणि २१,००० च्या खाली पगार आल्यामुळे तो ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा योजनेत आला. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पुण्यातला कंपनीचा मेडिक्लेम गेला म्हणून मी धास्तावले होते. पण अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही यात उपचार मिळतात, उत्पन्नाची मर्यादा आहे, ती बघून घ्या. सासूबाईंचं नाव घातलं. रांग मोठी असते, सकाळी लवकर जावं लागतं, केसपेपर आणि आधार दोन्ही बरोबर लागतात. गुडघ्याचे एक्स-रे झाले, गोळ्या चालू आहेत, ऑपरेशनचं बघू म्हणालेत.

मला ऑफिसला अधूनमधून जावं लागतं. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापुरातून निघते आणि संध्याकाळी पुण्यातून परत, चार तासांचा प्रवास, एका दिवसात होतं. तिकीट आधी काढा, रविवारची आणि सोमवारची लवकर भरते. सोमवारी सकाळी डब्यात बघितलं तर बहुतेकांच्या मांडीवर डबा आणि पायाशी सॅक असते, आणि दौंड येईपर्यंत सगळे झोपलेले.

नवऱ्याला नोव्हेंबरात रांजणगावहून जुन्या सुपरवायझरचा फोन आला, ३८,००० देतो म्हणाले. त्यानं मार्चपर्यंत वेळ मागितलाय. मार्चमध्ये माझ्या पत्राचं वर्ष भरतं आणि नवं पत्र निघतं. त्यात सोलापूर कोणत्या गटात टाकतात ते बघून दोघं मिळून ठरवू. तोवर मांजरीच्या जुन्या मालकांचा नंबर मी डिलीट केलेला नाही.